सुधाकराच्या अधःपाताला जबाबदार कोण? ‘एकच प्याला’वरचा जुना वाद

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यामुळे नाटकाचा नायक सुधाकर दारूपायी बुडतो तो कोणामुळे, हा वाद पेटला तेव्हा खुलासा करायला नाटककारच उरला नव्हता.

शोकांतिकेची गोडी मराठी नाटकाला शेक्सपिअरमार्फत लागली. ‘ऑथेल्लो’वरून बेतलेला ‘झुंझारराव’ १८९० सालचा. सुधाकरापुढे प्याला करणाऱ्या तळीरामात इयागो, म्हणजे ऑथेल्लोला कपटाने बुडवणारा खलनायक, शोधायची सवय तिथूनची असावी. पहिल्या पिढीच्या प्रेक्षकाला तर प्रश्नच पडला नाही. नाटकाचे नावच गुन्हेगाराकडे बोट दाखवत होते. दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ते गाजले आणि सुधाकराची बायको सिंधू झालेल्या बालगंधर्वांनी लोकांना रडवले.

खरी गाठ आहे ती सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, प्रसंगात. हुशार, स्वकष्टाने वर आलेला वकील सुधाकर भर कोर्टात मुन्सफाशी भांडतो आणि त्याची सनद काढून घेतली जाते, तीही काही काळापुरतीच. एवढ्याशा कारणाने असा माणूस बाटलीकडे वळेल का, असा आक्षेप जुन्या टीकाकारांनी घेतला आणि रचना कच्ची ठरवली. हा आक्षेप मला पटत नाही. सनद परत मिळणारच होती. गेलेली अब्रू सुधाकराला परत मिळणारी वाटत नव्हती. अनाथपणातून वर आलेल्या या माणसाजवळ स्वाभिमानाखेरीज दुसरी पुंजी नव्हती आणि तो स्वाभिमान टोकाचा हळवा होता. तळीराम प्याला पुढे करतो, पण अपमान विसरायचे औषध सुधाकराला आधीच हवे असते. शिवाय तळीराम स्वतःच दारूने पोखरलेला कारकून आहे. धन्याला बुडवण्याचा इयागोसारखा थंड डाव त्याच्यापाशी नाही.

त्याहून मोठा पुरावा पुढे येतो. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, नोकरीसाठी दारोदार फिरतो, पुन्हा अपमान पदरी पडतो आणि पुन्हा पितो. नुसते व्यसन दाखवायचे असते, तर ही दुसरी घसरण लिहायची गरज नव्हती. इथे निवड त्याची आहे. समाजाने दार लावून घेतले हेही खरे, आणि त्या प्रतिष्ठितांचा वाटा टीकाकारांनी कमीच मोजला.

गेल्या काही दशकांत चर्चेचा रोख सिंधूकडे वळला. माहेरची माणसे न्यायला येतात, ती ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणते. लोकांची दळणे दळून मूल जगवते. शेवटी नवऱ्याच्या मारहाणीत मूल जाते, ती मरणाच्या दारात असते, तरी पोलिसांपुढे खोटी जबानी देऊन त्याला वाचवते. पूर्वी यालाच पातिव्रत्याचा कळस म्हणत. स्त्रीवादी वाचकांनी विचारले, हे सोसणे विनाशाला हातभार लावते का? प्रश्न रास्त आहे, पण त्यातून सिंधूलाच आरोपी करणारे वाचन निघते, तेव्हा ते अन्यायाचे होते. तिला दुसरा रस्ता दिसू नये अशी व्यवस्था भोवतालच्या सगळ्यांनी मिळून केली होती, सुधाकराचा मित्र रामलाल याच्यासारख्या हितचिंतकांनीसुद्धा.

त्या जबानीने सुधाकर कायद्यातून सुटतो. तरीही तो दारूत विष कालवून पितो. हा प्याला त्याने स्वतःच्या हाताने भरलेला आहे.