दीर्घ अंतराळमोहिमांतील आरोग्यरक्षण

कित्येक महिने अंतराळात राहणाऱ्या माणसाचे शरीर, मन आणि कामाची क्षमता शाबूत राहावी म्हणून मोहिमेपूर्वी, मोहिमेत आणि परतल्यावर केले जाणारे उपाय. जून १९७० मध्ये आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ ९ मधून सुमारे १८ दिवसांनी परतले, तेव्हा त्यांना धरून यानाबाहेर काढावे लागले. उभे राहणेही त्यांना जड जात होते. पुढच्याच वर्षी सोडलेल्या सॅल्यूट १ या सोव्हिएत अंतराळ स्थानकात व्यायामासाठी धावपट्टा बसवलेला होता.

वजन पेलायचेच नसले की शरीर हाडे आणि स्नायू राखण्यावर शक्ती खर्च करत नाही. हा आजार नव्हे. तिथल्या परिस्थितीशी शरीराने रीतसर जुळवून घेतलेले असते आणि म्हणूनच त्याला रोखणे अवघड जाते. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटू शकते. हाडांतून निघालेले कॅल्शियम लघवीत उतरून मूतखड्याचा धोका वाढतो. यावर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातला मुख्य उपाय म्हणजे रोजचा सुमारे दोन तासांचा व्यायाम. लोखंडी वजने तिथे निरुपयोगी, म्हणून निर्वात नळकांड्यांच्या ओढीविरुद्ध दांडा उचलावा लागतो. धावताना खांद्यांना आणि कंबरेला पट्टे बांधून लवचीक दोरांनी स्वतःला खाली ओढून धरावे लागते. एप्रिल २००७ मध्ये सुनीता विल्यम्स अशाच पट्ट्यांत चार तास चोवीस मिनिटे धावल्या आणि मॅरेथॉन पूर्ण केली. घाम ओघळत नाही, कातडीवरच साचत जातो आणि टॉवेलने टिपावा लागतो. महिनोन्‌महिने, एकही दिवस कंटाळा न करता हे करत राहणे, हे या कामातले खरे कष्ट.

व्यायामाने सगळे सुटत नाही. पायांकडचे रक्त आणि इतर द्रव वर सरकतात, चेहरा सुजतो, पाय काटकुळे दिसू लागतात. काहींच्या डोळ्यांत दृष्टिचेतेच्या (डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूच्या) मुळाशी सूज येते, नेत्रगोलाचा मागचा भाग किंचित चपटा होतो आणि जवळचे धूसर दिसू लागते. त्यासाठी जादा क्रमांकाचे चष्मे सोबत दिले जातात, पण तो इलाज नव्हे.

द्रवांच्या याच सरकण्याचा अभ्यास चालू असताना स्थानकातील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळली. हे प्रकरण २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पृथ्वीवरचे तज्ज्ञ सांगत गेले आणि अंतराळवीराने स्वतःची सोनोग्राफी स्वतःच केली. रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनांचा साठा मोजकाच होता. तो पुरवून वापरला गेला आणि मालवाहू यानाने गोळ्या पोहोचवल्यावर उपचार पुढे चालू राहिले. सल्ला, औषध आणि गरज पडल्यास काही तासांत घरी परतण्याची सोय, या तिन्हींवर स्थानकातले आरोग्यरक्षण उभे आहे. मंगळाच्या वाटेवर यांपैकी सल्लाच तेवढा उरतो आणि तोही उशिरा. संदेश एका बाजूने पोहोचायलाच तीन ते बावीस मिनिटे लागतात. त्यामुळे दूरच्या मोहिमेत वैद्यकीय कौशल्य यानातच हवे.

प्रारणाचा, म्हणजे अंतराळातल्या घातक किरणांचा (रेडिएशनचा) प्रश्न याहून अवघड आहे. स्थानकाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडोसा आहे, मंगळाच्या वाटेवर तो नसतो. नासाच्या क्युरिऑसिटी या मानवरहित यानाने मंगळाकडे जाताना दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या प्रारणाचे एकक) इतके प्रारण मोजले. नासाची संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट आहे, म्हणजे नुसत्या वर्षभराच्या जाण्यायेण्यातच ती ओलांडली जाते. ऑगस्ट १९७२ मधले प्रचंड सौरवादळ अपोलो १६ आणि १७ या चंद्रमोहिमांच्या मधल्या काळात आले, हे केवळ सुदैव. वादळापुरता पाणी आणि हायड्रोजनयुक्त प्लास्टिकच्या भिंतींआड आसरा घेता येतो, पण सतत येणारे वैश्विक किरण त्याने पुरते अडत नाहीत.

झोप, आहार आणि सहवास यांचीही काळजी घ्यावी लागते. स्थानकावर दिवसाला सोळा सूर्योदय होत असल्याने दिव्यांचा रंग बदलून दिवस-रात्र भासवली जाते. २०१०-११ मध्ये मंगळप्रवासाची रंगीत तालीम म्हणून मॉस्कोत सहा जण ५२० दिवस बंदिस्त राहिले, तेव्हा त्यांची हालचाल हळूहळू मंदावत गेली.

मंगळावर उतरलेल्यांना यानाबाहेर उचलून काढायला कोणी नसेल. व्हॅलेरी पोल्याकोव हे डॉक्टर असलेले अंतराळवीर मीर या रशियन स्थानकावर ४३७ दिवस राहून मार्च १९९५ मध्ये परतले, तेव्हा यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंतचे अंतर ते स्वतःच्या पायांनी चालले.