सोल्डरिंग : इलेक्ट्रॉनिकीतील रूढ संज्ञा

दोन धातूंचे पृष्ठभाग त्यांच्याहून कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडणे म्हणजे सोल्डरिंग. परिभाषाकोशांत यास डाखकाम म्हणतात. सोलापुरातील दुरुस्तीच्या दुकानांत ‘सोल्डर मारणे’ किंवा ‘टाका देणे’ हेच चालते. जोडधातू ४५०° से.च्या आत वितळत असेल तरच डाखकाम, त्यापुढे पितळजोड (ब्रेझिंग), असा संकेत आहे. दोहोंत मूळ धातू वितळत नाही.

वितळलेले सोल्डर तांब्यावर पसरते तेव्हा सीमेवर कथील-तांब्याच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. खरा जोड तोच. तांब्यावर ऑक्साइड असेल तर ‘सोल्डर पकडत नाही’. ते काढण्यासाठी फ्लक्स, म्हणजे बहुधा झाडापासून मिळणारी राळ, वापरतात. कल्हईत हेच काम नवसागर करतो. मात्र त्यातील क्लोराइडाने तांब्याचे ट्रॅक, म्हणजे कार्डावरील वीज वाहणाऱ्या पट्ट्या, गंजत असल्याने सर्किटवर तो वर्ज्य आहे.

६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३° से.ला एकदम घट्ट होते. ६०-४० प्रकार मात्र सुमारे १९०° ते १८३° से. या टप्प्यात लगद्यासारखा राहतो. तेवढ्यात घटकाची लेग, म्हणजे जोडायची तार, हलली, तर जोड खडबडीत होतो.

‘ड्राय सोल्डर’ या संज्ञेच्या अर्थाबाबत एकमत नाही. काहींच्या मते अपुऱ्या उष्णतेने वा मळलेल्या पृष्ठभागामुळे न पकडलेला जोड तेवढाच ड्राय. इतर लेखक थंड होताना हललेला जोडही त्यात धरतात. दुकानांत याखेरीज तिसराही दोष याच नावाने ओळखला जातो : आधी उत्तम असलेला, पण हादरे व तापणे-निवणे यांनी लेगभोवती वर्तुळाकार तडकलेला जोड. प्रस्तुत नोंदीत हे तीन दोष वेगळे मानणेच अधिक ग्राह्य धरले आहे, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिल्यात पृष्ठभाग साफ करून फ्लक्स व पुरेशी उष्णता द्यावी लागते, दुसऱ्यात घटक स्थिर धरून जोड पुन्हा वितळवला की भागते. तिसऱ्यात नुसता नवा टाका दिला तर तड पुन्हा जाते. जड घटकाला आधार द्यावा लागतो. अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीसारख्या यंत्रमागांच्या परिसरात मागावर बसवलेल्या नियंत्रण कार्डांना हादरा अखंड असतो. तेथे हा भेद केवळ शब्दांचा नाही. तो न ओळखल्यास तेच कार्ड पुन्हापुन्हा बंद पडते आणि माग उभा राहतो.

चकाकी ही जोडाची जुनी कसोटी शिसेविरहित सोल्डरला लागू पडत नाही. कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे यांचा प्रचलित मिश्रधातू २१७° से.च्या आसपास वितळू लागतो आणि चांगला जोडही काहीसा निस्तेज दिसतो. युरोपीय संघाचे शिशावरील निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांनी तशी मर्यादा आली; नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, पण मर्यादा पाळण्यास दोन वर्षांची मुदत होती.

इतर संज्ञा : शेजारच्या दोन लेगा सोल्डरने जुळणे म्हणजे ब्रिज, बोलीत ‘शॉर्ट’. सोल्डर काढण्याचा पंप म्हणजे सकर, ते शोषून घेणारी तांब्याच्या तारांची वेणी म्हणजे विक. रिफ्लोमध्ये सोल्डरची लुगदी लावलेले कार्ड भट्टीतून जाते. वेव्ह पद्धतीत कार्डाची खालची बाजू वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून सरकते.