डिझेलच्या धुरातला नॉक्स आणि युरियाची टाकी: मागची गोष्ट

२०२० नंतर घेतलेल्या बहुतेक डिझेल ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची युरियाच्या पाण्याची दुसरी टाकी असते, आणि मालक लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की पेट्रोल गाडीचं सायलेन्सरमधल्या एका डब्यात भागतं मग आमच्याच मागे हे झेंगट का. प्रश्न रास्त आहे. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ असं धरून ठेवता येतं, धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, मग कार्बन मोनॉक्साईडला ऑक्सिजन हवा असेल तर तो नॉक्सकडूनच, म्हणजे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साईडकडूनच, काढून घ्यावा लागतो आणि दोन्ही घाणी एकदमच जातात. डिझेल कायम लीन चालतं, म्हणजे हवा गरजेपेक्षा जास्त, त्यामुळे धुरात मोकळा ऑक्सिजन भरपूर असतो, कार्बन मोनॉक्साईड तोच पकडून मोकळा होतो आणि नॉक्स जसाच्या तसा बाहेर पडतो. डब्यातला कॅटलिस्ट, म्हणजे ही क्रिया घडवून आणणारं प्लॅटिनम, कितीही वाढवा, फरक पडत नाही.

यावरचा उपाय तसा जुनाच. अमोनिया सोडला तर तो मोकळ्या ऑक्सिजनच्या नादी न लागता नॉक्सलाच धरतो, याचं पेटंट अमेरिकेत १९५७ सालचं आहे, आणि जपानमध्ये सत्तरच्या दशकात टायटॅनियम ऑक्साईडवर व्हॅनेडियम बसवून वीज केंद्रांच्या चिमण्यांवर ते चाललंही. गाडीत अमोनिया घेऊन फिरणार कोण, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावरची तोड म्हणजे युरिया, तो गरम धुरात फुटून अमोनिया देतो. तिकडे युरोपात ऐंशीच्या दशकात पेट्रोल इंजिनं लीन करायची की थ्री-वे (वर सांगितलेला पेट्रोल गाडीचा डबा) बसवायचं यावर देशादेशांत मोठी भांडणं झाली, ब्रिटनचा कल लीनकडे आणि पश्चिम जर्मनीला जंगलं वाळतायत म्हणून थ्री-वे हवं, आणि १९९३ पासून सगळ्या नव्या पेट्रोल गाड्यांना थ्री-वे लागलं. लीन पेट्रोल मागे पडलं कारण मायलेज चांगलं असलं तरी त्याच्या धुराला चालेल असा कॅटलिस्टच तेव्हा हाताशी नव्हता.

१९९० च्या आसपास तांबं घातलेल्या झिओलाइटवर (एक सच्छिद्र खनिज) न जळलेलं इंधन वापरूनच नॉक्स मारता येईल अशी आशा होती, म्हणजे दुसरी टाकीच नको. लॅबमध्ये जमलं पण धुरातल्या गरम वाफेत ते झिओलाइट ढासळायचं. मग १९९४ मध्ये एका जपानी कंपनीने साठवणारा कॅटलिस्ट गाडीत आणला, ज्याला आज आपण एलएनटी (लीन नॉक्स ट्रॅप) म्हणतो. बेरियम नॉक्सला नायट्रेट करून धरून ठेवतं, मिनिटभराने इंजिन दोन-चार सेकंद मुद्दाम रिच, म्हणजे इंधन जास्त देऊन, चालवायचं, नायट्रेट सुटतं आणि तिथेच त्याचा नायट्रोजन होतो. हुशारीचं काम, पण बेरियमला नायट्रेटपेक्षा सल्फेट जास्त घट्ट चिकटतं. इंधनात गंधक असेल तर काही दिवसांत सगळी जागा सल्फेटनेच भरून जाते, आणि ते काढायला ६५० अंशांच्या वर तापवावं लागतं.

आपल्याकडे सगळं अडलं ते या गंधकावरच, आणि माझ्या मते या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं तेही गंधकावरच. २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) आलं ते फक्त १३ शहरांत, मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही त्यात होतं. शहरात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) गंधकाचं डिझेल आणि शहर सोडून पुढच्या पंपावर ३५० पीपीएमचं. कार शहरात नोंदवली जाते आणि बरीचशी शहरातच फिरते, पण ट्रक आज इथे तर परवा दुसऱ्याच राज्यात. अशा ट्रकवर नाजूक कॅटलिस्ट लावणं म्हणजे पैसे धुरात सोडणं, त्यामुळे सात वर्षं देशभर धावणारे ट्रक बीएस-३ वरच राहिले. कंपन्यांना दोष देताना हे विसरून चालत नाही.

१ एप्रिल २०१७ ला बीएस-४ सगळ्या देशात लागलं. तीनच दिवस आधी कोर्टाने बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली, आठ लाखांच्या वर गाड्या अडकल्या आणि दुचाक्यांवर डिस्काउंटची लूट झाली, लोकांना तेवढंच आठवतं. मोठ्या ट्रकच्या बाबतीत खरा वाद वेगळाच होता. नॉक्सची मर्यादा ५ वरून ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास झाली होती आणि तिथे पोहोचायला दोन रस्ते होते. एक ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग थंड करून परत सिलेंडरमध्ये, ज्वलन थंड पडतं, नॉक्स मुळातच कमी तयार होतो. दुसरा एससीआर, म्हणजे नॉक्स होऊ दे, मागे युरिया मारून साफ करू. मोठ्या कंपन्यांमध्ये सरळ दोन गट पडले.

ईजीआरवाल्यांचं म्हणणं फालतू नव्हतं. तेव्हा हायवेवर युरिया मिळेल याची खात्री नव्हती, ड्रायव्हरला सवय नव्हती, डोसिंग पंप, सेन्सर, वायरिंग हे सगळं आपल्या धुळीत आणि खड्ड्यांत किती टिकेल कोणाला माहीत. ३.५ ला ईजीआर पुरतो हेही खरंच. आणि एससीआरची एक दुखरी नस त्यांनी बरोब्बर पकडली होती, की धूर २०० अंशांच्या आसपास तापला नाही तर युरिया नीट फुटत नाही. सिग्नलला थांबत, गर्दीत रांगत जाणाऱ्या सिटी बसचा युरिया इंजेक्टर उघडला की तोंडाशी चुन्यासारखा कडक पांढरा थर दिसतो, तो न फुटलेल्या युरियापासून बनलेल्या बाययुरेट आणि सायन्युरिक ॲसिडचा. युरोपात युरो-५ च्या बस कागदावर स्वच्छ आणि शहरात मात्र नॉक्स भरपूर, याचं मोठं कारण हेच थंड सायलेन्सर.

तरी मला वाटतं २०१७ ला ईजीआर निवडणं हा तीन वर्षांचा विचार होता, दहा वर्षांचा नाही. जानेवारी २०१६ मध्येच ठरलं होतं की बीएस-५ गाळून २०२० ला थेट बीएस-६, आणि तिथे नॉक्स ०.४० च्या घरात. तिथे नुसत्या ईजीआरने पोहोचता येत नाही. अमेरिकेत एका मोठ्या ट्रक कंपनीने २०१० च्या नियमांसाठी युरिया न वापरता फक्त ईजीआरवर भागवायचा हट्ट धरला आणि २०१२ मध्ये नाद सोडला, सगळं जग बघत होतं. शिवाय ईजीआर वाढवला की काजळी वाढते, ऑइल लवकर काळं पडतं, रेडिएटरवर ताण येतो. युरियावाल्यांनी इंजिन गरम, मोकळं ट्यून केलं, मायलेज राखलं, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर, मेकॅनिक, पंपवाले या सगळ्यांना तीन वर्षं आधी सवय लागली. २०२० ला ज्यांना पहिल्यांदाच युरियाची टाकी मिळाली त्यांचे हाल जास्त झाले.

छोट्या गाड्यांत मात्र युरिया नको म्हणून एलएनटीच निवडला गेला, जागा आणि पैसे दोन्ही वाचतात म्हणून. यातच २०१५ चं ते फोक्सवॅगनचं जगभर गाजलेलं सॉफ्टवेअर प्रकरण शिजलं. टेस्ट ओळखून तेवढ्यापुरतं नॉक्स कंट्रोल पूर्ण चालवायचं आणि रस्त्यावर ढिलं सोडायचं, मर्यादेच्या ४० पटीपर्यंत नॉक्स, जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. पुण्यातल्या टेस्टिंगमध्येही रस्त्यावरचे आणि लॅबमधले आकडे जुळेनात, आणि आपल्याकडच्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या धक्क्यानंतर रस्त्यावरच मोजायची पद्धत जोर धरू लागली, आपल्याकडे ती एप्रिल २०२३ पासून लागली, आणि तेव्हाच एलएनटीवर चालणाऱ्या काही कॉम्पॅक्ट एसयूव्हींना गुपचूप युरियाची टाकी आली. काहींनी तर छोटं डिझेल इंजिनच बंद केलं.

बीएस-६ मध्ये कॅटलिस्टसुद्धा बदलला. व्हॅनेडियम स्वस्त आणि गंधक सहन करणारा, पण आता पुढे डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आला, काजळी जाळताना धूर ६०० अंशांच्या पुढे जातो आणि तिथे व्हॅनेडियम टिकत नाही. म्हणून तांब्याचं झिओलाइट परत आलं, पण बारीक छिद्रांचं, साधारण ३.८ अँगस्ट्रॉम. एवढ्या छिद्रातून सुटलेलं ॲल्युमिनियम बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे वाफेत सांगाडा टिकतो, आणि इंधनाचे मोठे रेणू आत शिरत नाहीत. १९९० ला जे ढासळत होतं ते वीस वर्षांनी असं सुटलं. मात्र तांब्याला गंधक चालत नाही, म्हणून डिझेलही १० पीपीएमवर आणावं लागलं, आणि रिफायनऱ्यांचा तो खर्च झाला नसता तर बाकी सगळं फुकट होतं.

आता घोटाळा होतो तो टाकीत काय ओततात त्याचा. साधारण १०० लिटर डिझेलमागे ५ लिटर युरिया पाणी लागतं, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानावर २६६ रुपये ५० पैशांना, त्यामुळे ती फोडून बोअरच्या पाण्यात कालवून विकायचे धंदे चालतात. २०१५ पासून तो युरिया नीम-कोटेड आहे, त्यातलं तेल आणि पाण्यातले क्षार आधी नोझल आणि मग कॅटलिस्ट खातात. हे शेतकऱ्याच्या वाटणीचं खत चोरून हजारो रुपयांचा कॅटलिस्ट घालवणं आहे, आणि याच्यावर धाडी पडल्या तरी थांबलेलं नाही. दुसरा प्रकार इम्युलेटरचा, सेन्सरला खोटा सिग्नल द्यायचा की युरिया चालू आहे, एरवी युरिया नसला की गाडी आपोआप ओढ कमी करते आणि शेवटी रांगायला लागते, ते यामुळे होत नाही. मग नॉक्स जवळपास इंजिनातून निघतो तेवढाच बाहेर, आणि तो बीएस-३ पेक्षाही वाईट असू शकतो, कारण एससीआरच्या भरवशावर इंजिन गरम ट्यून केलेलं असतं.

आता हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनांची चर्चा आहे, २०२३ मध्ये आपल्याकडे तसा ट्रक दाखवलाही गेला. कार्बन नाही म्हणून धूरच नाही असं बरेच जण समजतात, पण तेही हवेतच जळतं आणि लीन चालतं, त्यामुळे नॉक्स होतोच. हवा बरीच वाढवली तर तो खूप कमी होतो, पण भार वाढला की परत वर जातो, आणि म्हणून तिथेही एससीआरचाच विचार चालू आहे.