शिक्षणाचा हक्क 1950 पासूनच आहे? नाही हो

दर 26 जानेवारीला ती पोस्ट फिरतेच, "घटना लागू झाली त्या दिवसापासून शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क". ऐकायला भारी वाटतं, पण तसं नव्हतं.

1950 साली शिक्षण होतं कलम 45 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, आणि त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. सरकारने 10 वर्षांत 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा, बस. बरं, 14 च का? घटना समितीत कुणीतरी म्हणालं की फक्त प्राथमिक एवढंच ठेवा, तर बाबासाहेबांनी सरळ सांगितलं की 14 च्या आतल्या पोराला कारखान्यात घ्यायला आपण बंदी घालतोय, मग ते शाळेत नको का? मुद्दा बिनतोड होता.

ती 10 वर्षं 1960 ला संपली आणि पुढे सगळं ढिम्म. 1992 मध्ये कर्नाटकातल्या मेडिकल कॉलेजच्या फीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की शिक्षण हा हक्कच आहे, 1993 ला दुसऱ्या निकालात तो 14 वर्षांपर्यंत पक्का केला. 2002 ला 86 वी घटनादुरुस्ती होऊन शिक्षणाला मूलभूत हक्क करणारं कलम 21अ आलं, तरी ते लागू झालं 1 एप्रिल 2010 ला, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यासोबत. (आपल्याकडे आरटीई म्हणजे फक्त खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांची लॉटरी, ते वेगळंच!)

आणि गंमत बघा, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम 1917 मध्येच काढला होता, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंडसुद्धा होता.