आधी गार, मग गरम: गोव्यातल्या इस्पितळांची वीज जाते कुठे?

गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ, बांबोळीला हलले ते 1990च्या दशकात. त्याआधी पणजीत मांडवीकाठच्या जुन्या इमारतीत वॉर्ड चालायचे ते उंच छत, जाड भिंती आणि आरपार वाऱ्याच्या भरवशावर. 1859 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लांबट वॉर्ड आणि समोरासमोर खिडक्या यांचा आग्रह धरला होता, त्याच जातीची ही रचना. वॉर्डापुरती ती आजही चालते. पण ऑपरेशन थिएटर बंद खोलीत गेले आणि हिशेब बदलला.

रुग्णांसाठी खोली गार करण्याची खटपट तशी जुनी आहे. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी तापाच्या रुग्णांच्या खोलीत बर्फ टांगायचे, आणि बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांना 1851 मध्ये मिळाले. मात्र आजचे वातानुकूलन ज्याच्यापासून मोजतात त्या विलिस कॅरियर यांच्यापुढे 1902 मध्ये उकाड्याचा प्रश्न नव्हताच. ब्रुकलिनच्या छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता आणि त्यांना ती हवा कोरडी करायची होती. गोव्यासाठी हीच गोष्ट महत्त्वाची, कारण इथल्या इस्पितळांची वीज खाणारा खरा शत्रू दमटपणा आहे.

थंड देशांत काळजी नेमकी उलटी होती. ईथरसारखी पेट घेणारी भूलद्रव्ये वापरात असताना कोरड्या हवेत ठिणगी पडू नये म्हणून थिएटरची हवा मुद्दाम दमट ठेवायचे. ती द्रव्ये गेली, तरी आर्द्रतेची किमान मर्यादा रेंगाळली. अमेरिकी मानकात ती 2010 मध्ये 30 वरून 20 टक्क्यांवर आली. आपल्याला अडचण वरच्या मर्यादेची. भारतात इस्पितळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या नियमांत थिएटरचे तापमान 21 अंश, तीन अंश इकडे-तिकडे. आर्द्रता 20 ते 60 टक्के. तासाला किमान 20 वेळा हवा बदलायची आणि त्यातल्या 4 वेळा ताजी हवा घ्यायची.

सहा मीटर लांब, सहा रुंद आणि तीन उंच अशा थिएटरचा हिशेब पाहा. चार बदल म्हणजे तासाला 432 घनमीटर ताजी हवा. जुलैत बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर तिच्या दर किलोत सुमारे 20 ग्रॅम पाणी असते. आत 9 ग्रॅमच चालते. म्हणजे एका थिएटरसाठी तासाला पाच लिटरांहून जास्त पाणी हवेतून काढावे लागते, आणि तेवढ्यालाच एसीची सुमारे एक टन क्षमता लागते. पाणी गळून पडायला कॉइलवर, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्यांवर, हवा 13 अंशांच्या खाली न्यावी लागते. इतकी गार हवा सगळीच्या सगळी आत सोडली तर खोली गारठते, म्हणून वाटेत विजेचा हीटर. तासाच्या वीस बदलांची सगळी 2160 घनमीटर हवा पाच अंशांनी तापवायला साडेतीन किलोवॅटहून जास्त वीज लागते, आणि ती उष्णता पुन्हा चिलरच्याच, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्याच, डोक्यावर बसते. हीटर वाचवायला काही जण थर्मोस्टॅट 17 वर नेतात. मग दाराबाहेरच्या भिंतीला घाम फुटतो आणि फॉल्स सीलिंगवर बुरशी धरते. खरा उपाय म्हणजे फक्त ताजी हवा वेगळ्या कॉइलवर कोरडी करायची आणि आतली फिरती हवा हलकीच गार करायची. तरीही तापवणे लागलेच, तर चिलर बाहेर फेकतो ती उष्णता गरम पाण्याच्या कॉइलने वापरायची.

ताजी हवाच बंद करण्याचा मोह जुना. 1973च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत इमारती घट्ट बंद झाल्या आणि आतली माणसे डोकेदुखीने हैराण झाली. 2020 मध्ये कोविडने तो धडा पुन्हा गिरवला. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा 2001चा, इमारतींची ऊर्जा संहिता 2007ची. 2020पासून स्टार लेबलच्या एसीला 24 अंश मूळ सेटिंग आले. ओपीडी आणि कार्यालयांना ते पुरते. थिएटरला नाही.

थिएटरची मोठी बचत रात्री होते. एनएबीएच रिकाम्या वेळी हवेचे बदल 25 टक्क्यांपर्यंत उतरवू देते, पण बाहेरची अस्वच्छ हवा आत येऊ नये म्हणून ठेवलेला आतला जास्तीचा दाब ढळता कामा नये. पंख्याची गती 80 टक्के केली की वीज जवळपास निम्मी होते. आधी दारांच्या रबरी पट्ट्या बदलाव्यात, मग व्हीएफडी (पंख्याची गती कमीजास्त करणारे उपकरण) पाच-पाच हर्ट्झने उतरवत दाबमापकावर नजर ठेवावी, आतला दाब बाहेरपेक्षा किमान 2.5 पास्कल जास्त राहिलाच पाहिजे. पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. पंखा चालू, ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) पूर्ण उघडा आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, असे रात्रभर राहिले तर बाहेरचा सगळा दमटपणा आत शिरतो आणि सकाळची पहिली शस्त्रक्रिया खोळंबते. डॅम्पर दाब टिकण्यापुरताच ठेवावा, आणि व्हॉल्व्ह तापमानाऐवजी आर्द्रतेवर चालवावा. त्या आर्द्रतामापकाची जून लागण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, कारण गोव्याच्या हवेत त्याचा काटा लवकर भरकटतो.