आधी व्होल्टेज, मग तापमान

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं, नव्यानं शिकणाऱ्याचं सगळं लक्ष तापमानाच्या आकड्यावर असतं. खरा धोका बहुतेक वेळा व्होल्टेजमध्ये असतो, आणि हे शहाणपण अनेक प्रोसेसर गमावल्यावर आलेलं आहे.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला, किंमत १४९ डॉलर. बस, म्हणजे मदरबोर्डाकडून प्रोसेसरला मिळणारा मूळ ठोका, ६६ मेगाहर्ट्झची, गुणक ४.५, म्हणून वेग ३००. गुणक बदलता येत नसे, पण बस १०० वर नेली की तोच स्वस्त प्रोसेसर ४५० वर चाले, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात वेगवान पेंटियम टूच्या बरोबरीनं. अबिटच्या बीएच६ बोर्डावर हे बायोस या सेटिंगच्या प्रोग्राममधूनच व्हायचं. ती सोय नसलेल्या काही बोर्डांसाठी लोक चिकटपट्टीची अगदी अरुंद पट्टी कापून प्रोसेसर-कार्डाच्या कडेवरच्या बी२१ या सोनेरी पिनेवर लावत. ती पिन झाकली की बोर्ड आपणहून १०० ची बस निवडे. व्होल्टेज ठरवणाऱ्या पिनाही अशाच झाकता येत, २.० व्होल्टवर अडखळणारा नग २.२ वर पुष्कळदा सुरळीत चाले.

या ०.२ व्होल्टचा हिशोब मांडून बघा. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १.५ पट, व्होल्टेजचा वर्ग १.२१ पट, गुणाकार जवळपास १.८. म्हणून तेव्हापासून मोठे हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारे धातूचे ठोकळे) आणि जोरकस पंखे आले.

२००० च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवर पेन्सिल चालू लागली. प्रोसेसरच्या सिरॅमिक पाटीवरच्या एल१ नावाच्या ठिपक्यांच्या जोड्या शिशानं जोडल्या की गुणक मोकळा होई. पण चालू असताना हीटसिंक निघाला, तर तो अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून जाई. पेंटियम ४ मात्र तापला की स्वतःच वेग उतरवायचा. पुढे अशी राखण सगळ्याच प्रोसेसरमध्ये आली आणि उष्णतेनं अचानक मरणं जवळपास थांबलं.

व्होल्टेजपासून अशी राखण नव्हती. २००२ चा नॉर्थवूड नावाचा पेंटियम ४ मुळात १.५ व्होल्टचा. हौशी लोकांनी त्याला १.७ च्या वर नेलं. कूलिंग उत्तम, तापमान आटोक्यात, तरी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत प्रोसेसर मेले. याला ‘सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम’ असंच नाव पडलं. इलेक्ट्रोमायग्रेशनवर संशय घेतला गेला: प्रवाहाच्या रेट्यानं बारीक तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकतात, तार झिजते, शेवटी तुटते. तापमानाच्या आकड्यात ही झीज दिसत नाही. तिची खूण वेगळी: कालपर्यंत ज्या व्होल्टेजवर मशीन तासन्‌तास टिकायचं, त्यावर आज ते कोसळतं. ही खूण दिसल्यावर व्होल्टेज आणखी चढवण्याचा मोह होतो, आणि तसं केलं की झीज वाढते.

२०१० पासून इंटेलचा मोकळा गुणक नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरमध्ये विकतच मिळू लागला. चिकटपट्टी आणि पेन्सिल दोन्ही गेल्या.

मग २०२४ मध्ये तीच खूण ओव्हरक्लॉक न केलेल्या मशीनवरही दिसली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर कारखान्याच्या सेटिंगवरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, आणि त्यानं खचत होते. ऑगस्टमधल्या ०x१२९ मायक्रोकोडनं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटनं, ही मागणी १.५५ व्होल्टला अडवली. इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खचलेले प्रोसेसर मात्र त्या अपडेटनं सुधारले नाहीत. ते बदलूनच घ्यावे लागले.