सरताज गाण्यांचा हिशेब

फोंड्याजवळच्या आमच्या आजोळी जाड पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही आहे. पहिली चार पानं सुपारीची. पाचव्या पानावर सुपारी संपते आणि गाणी सुरू होतात. डावीकडे तारीख, तीही प्रत्येक वेळी बुधवारची, मग गाण्याचा मुखडा, सिनेमा, गायक, संगीतकार आणि कडेच्या अरुंद रकान्यात एक आकडा. तो आकडा म्हणजे त्या आठवड्याची ‘पायदान’, रेडिओवरच्या ‘बिनाका गीतमाले’तला गाण्याचा क्रमांक. घरात बोलणं कोकणी, लिहिणं मराठी आणि बुधवारी रात्री आठला ऐकणं हिंदी, असा आमच्याकडचा रिवाज. मामाने ही वही वर्षानुवर्षं चालवली.

हल्ली दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या गाण्याने विक्रम मोडल्याची बातमी येते. इतके कोटी वेळा पाहिलं गेलं, इतके दिवस पहिल्या क्रमांकावर राहिलं. ती वाचली की मला ही वही आठवते आणि पहिला प्रश्न पडतो, मोजलं कुणी आणि कशावरून? आपल्याकडच्या विक्रमांची सगळी गुंतागुंत याच प्रश्नात आहे.

रेडिओच्या आधी लोकप्रियता मोजायची एक साधी रीत होती. संगीत नाटकात पद संपलं की प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ येई, आणि किती आले ते दुसऱ्या दिवशी गावभर होई. गोव्यात जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या मराठी नाटकांत ही मोजणी अजून जिवंत आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ याच रिवाजातून वर आले. 1918 साली बळवंत संगीत मंडळी उभी राहिली, तेव्हा त्यांच्या पदांना किती टाळ्या पडल्या याची नोंद कागदावर नव्हती, ती लोकांच्या तोंडी होती. ध्वनिमुद्रिका भारतात 1902 पासून निघत होत्या, पण त्यांच्या खपाचे आकडे कंपनीच्या कपाटात. ऐकणाऱ्याला ते कधी कळले नाहीत.

ते कळायला लागले 1952 मध्ये, आणि इथे एक योगायोग नीट बघण्यासारखा आहे. 14 नोव्हेंबर 1952 रोजी ब्रिटनमध्ये न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाने वीसेक दुकानांना फोन करून खपाची चौकशी केली आणि त्या देशाची पहिली क्रमवारी छापली. त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी, 3 डिसेंबरला, रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. म्हणजे ब्रिटिशांचा चार्ट आणि आपला चार्ट एकाच वयाचे. अमेरिकेचा आज जगभर प्रमाण मानला जाणारा हॉट 100 तर 1958 चा, आपल्याहून धाकटा. ब्रिटिशांच्या यादीचा धागा आजवर तुटलेला नाही, त्यामुळे तिथला कुठलाही विक्रम आठवड्यागणिक तपासता येतो. आपली यादी चालवत होती टूथपेस्ट विकणारी कंपनी, तीसुद्धा परक्या देशातल्या केंद्रावरून.

तसं का झालं, त्याचं कारण दिल्लीत होतं. 1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा चाहता. चित्रपटगीतांनी कान बिघडतात असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीने सिनेगीतांना चाळणी लावली, सिनेमाचं नाव सांगणं बंद केलं, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी आकाशवाणीवरून जवळपास नाहीशी झाली. लोकांनी काटा फिरवला आणि कोलंबो लावलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला तिथला लघुलहरींचा ताकदवान प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या हाती आला होता. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज अख्ख्या उपखंडावर पसरायचा. केसकरांच्या शास्त्रीय संगीताच्या आग्रहातून पुढे आकाशवाणीवर चांगलंही पुष्कळ घडलं, हे मी मनापासून मानतो. पण देशाची गाणी मोजण्याचं काम सरकारी नभोवाणीच्या हातून निसटलं ते त्याच वर्षांत. 1957 मध्ये विविध भारती आली तोवर बुधवारची सवय पक्की झाली होती.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. इथे पोर्तुगीज राज्य होतं, केसकरांचा हुकूम पत्रादेवीच्या सरहद्दीअलीकडे चालत नव्हता. आमची सरकारी नभोवाणी म्हणजे एमिसोरा द गोवा. तिचं बांबोळीचं केंद्र 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय हवाई दलाने निकामी केलं. त्याआधी 1955 पासून सरहद्दीजवळच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो मुक्तीचा गुप्त रेडिओ चालवत होते. त्यामुळे मामाच्या पिढीला रेडिओचा काटा हळूच, कान लावून फिरवायची सवय होती. त्याच काट्याने बुधवारी गीतमाला सापडायची. मधेच आवाज विरायचा, खरखर यायची, आणि नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या पायदानाची नावं हुकायची. वहीत अशा ठिकाणी मामाने रेघ मारून जागा कोरी ठेवली आहे. अंदाजाने एकही नाव भरलेलं नाही.

सुरुवातीला गीतमालेत क्रम नव्हताच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर आल्यास शंभर रुपये. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रं उघडणं अशक्य झालं तेव्हा स्पर्धा बंद करून पायदानं आली. क्रम ठरायचा निवडक दुकानांतल्या रेकॉर्डींच्या खपावर. पण खपाला एक खोट होती. दुकानातला साठा संपला की गाजणारं गाणंही खाली घसरे, आणि मुद्दाम गठ्ठ्याने रेकॉर्डी उचलल्या तर पडेल गाणं वर चढे. म्हणून श्रोता संघांची मतं जोडली गेली. बराच काळ टिकलेलं गाणं बिगुलाच्या साक्षीने ‘सरताज’ ठरायचं आणि शर्यतीतून सन्मानाने बाहेर पडायचं. आजच्या भाषेत हा त्या काळचा सर्वोच्च विक्रम.

या वार्षिक याद्या वाचताना काही नोंदींपाशी थांबावंसं वाटतं. 1957 हे ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’चं वर्ष. त्या वर्षी पहिलं आलं ‘जरा सामने तो आओ छलिये’. सिनेमा ‘जनम जनम के फेरे’, संगीत एस. एन. त्रिपाठी. मोठ्या बॅनरचा पाठिंबा नाही, संगीतकाराच्या नावाचा दबदबा नाही, आणि तरीही गाणं सगळ्यांच्या वर. 1975 ला पहिलं ‘महंगाई मार गई’. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या देशाने स्वतःचंच गाऱ्हाणं वर्षातलं अव्वल गाणं ठरवलं.

आणि अगदी पहिलं वार्षिक अव्वल गाणं, 1953 चं? ‘अनारकली’मधलं ‘ये जिंदगी उसी की है’. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि आवाज लता मंगेशकरांचा. मंगेशी गावाचं नाव आडनावात घेऊन फिरणाऱ्या घराण्यातली मुलगी देशाच्या पहिल्या यादीच्या टोकावर. त्याच्या चारच वर्षं आधी, 1949 मध्ये, ‘महल’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा ‘आयेगा आनेवाला’ या गाण्यावर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, सिनेमातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही गाते कोण, तेव्हा खरं नाव सांगितलं गेलं. गायकाचं नावच माहीत नसेल तर त्याच्या खात्यावर विक्रम चढणार कसा? त्या पत्रलेखकांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

पुढे लताबाईंच्याच नावावर देशातला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त विक्रम नोंदला गेला. 1974 च्या गिनेस बुकाने लिहिलं की 1948 पासून त्यांनी किमान 25,000 गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. आता हिशेब मांडून बघू. 26 वर्षांत 25,000 म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून जास्त, रोज अडीचपेक्षा अधिक, एकही सुट्टी न घेता. त्या काळात हिंदीत वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे चित्रपट निघत. चित्रपटामागे सात-आठ गाणी धरली तर सगळ्या गायक-गायिकांची मिळून गाणी होतात हजाराच्या आसपास. इतर भाषा आणि खासगी गाणी मिळवली तरी आकडा जुळत नाही. मोहम्मद रफींनी 1977 मध्ये गिनेसला पत्र लिहून आक्षेप घेतला, आपली गाणी याहून कमी नाहीत असं सांगितलं. 1980 मध्ये ते गेले. 1984 च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीशेजारी रफींचा 28,000 चा दावाही छापला गेला, आणि 1991 मध्ये दोन्ही नोंदी वगळण्यात आल्या.

खरा आकडा शोधला तो कुठल्या संस्थेने नव्हे, छंदिष्टांनी. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी फिल्म गीत कोश उभा केला, मुंबईचे विश्वास नेरूरकर रेकॉर्डींची सूची करत बसले. गाणं, सिनेमा, रेकॉर्ड क्रमांक, एकेक नोंद पडताळून. त्यांच्या मोजणीतून दोघांचीही हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरतात. मला यात लताबाईंचा किंवा रफींचा कमीपणा अजिबात दिसत नाही. पाच हजार गाणी ही डोंगराएवढी गोष्ट आहे, तिला पंचवीस हजारांच्या टेकूची गरज नव्हती. ऑक्टोबर 2011 मध्ये गिनेसने आशा भोसले यांच्या नावावर 11,000 पर्यंत ध्वनिमुद्रणांची नोंद केली, आणि 2016 मध्ये पी. सुशीला यांच्या 17,695 गाण्यांची. मंगेशीशी नाळ असलेल्या दोन सख्ख्या बहिणी जगाच्या एकाच रकान्यात येऊन गेल्या.

याद्यांनी गोव्याला मात्र एका बाबतीत पार वगळलं, आणि ते मला सलतं. सयानी गायक सांगत, संगीतकार सांगत, गीतकार सांगत. अरेंजरला रकानाच नव्हता. वाद्यवृंदाचे सूर कागदावर मांडणारा, व्हायोलिनला काय आणि ट्रम्पेटला काय हे ठरवणारा हा माणूस त्या काळात बहुतेक वेळा गोंयकार असे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली मुलं मुंबईला गेली आणि स्टुडिओत बसली. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा. सी. रामचंद्र यांच्याकडे हळदोण्याचे चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, ज्यांनी पुढे ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शिष्याने 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव एका गाण्यात गुंफलं. लाखो लोकांनी ते गुणगुणलं, पण खऱ्या अँथनींचा फोटो फार थोड्यांनी पाहिला. 2012 मध्ये ते गेले.

कॅसेट आली आणि मोजणीच कोसळली. पानपट्टीवर, किराणा दुकानात कॅसेटी विकल्या जात होत्या, निम्मा बाजार नकलांचा. कुठल्या दुकानाचा खप धरायचा? शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये ‘गोअन क्रेझी’ घरच्या घरी ध्वनिमुद्रित करून काढली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. असा खप कुठल्या यादीत येणार? गीतमाला 1989 ला विविध भारतीवर आली आणि 1994 ला थांबली. कोकणी गायिका लोर्नाची गाणी गोव्यातल्या प्रत्येक लग्नात पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहेत, पण कोकणीचा चार्ट कधीच नव्हता, मराठीचाही टिकाऊ असा नाही.

आता यंत्रं मोजतात. बिलबोर्डने 2022 मध्ये भारतासाठी वेगळी यादी सुरू केली, स्ट्रीमिंगच्या आकड्यांवर. त्याच वर्षी यूट्यूबवर जगात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या गायिका ठरल्या अलका याज्ञिक, 1,530 कोटी वेळा. नव्वदच्या दशकातला आवाज, तीस वर्षांनी जगात पहिला. कॅसेटच्या काळात जे मोजायचं राहिलं त्याची थकबाकीच जणू एकदम जमा झाली.

मामाच्या वहीत आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा कळली. साठच्या दशकातल्या पानांवर काही गाण्यांपुढे लाल शाईचा बारीक ठिपका आहे. विचारलं तेव्हा मामा म्हणाला, आमच्या वाड्यावरचा एकजण मुंबईला स्टुडिओत ट्रम्पेट वाजवायचा. मे महिन्यात गावी आला की मामा वही घेऊन त्याच्या बल्कावांवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, जाऊन बसायचा, मुखडे वाचून दाखवायचा. ज्यात तो वाजवायला होता तिथे तो नुसती मान हलवायचा, आणि मामा ठिपका द्यायचा. गेल्या चवथीला मी ते ठिपके मोजले. एकशे बारा आहेत.